ऑइलच्या लाइनला पाईप कुठला लावायचा?

जुन्या जीपला मी हौसेनं तांब्याची नळी टाकली होती, इंजिनपासून ऑइल प्रेशरच्या गेजपर्यंत. दिसायला झकास. आठ महिन्यांनी तुळजापूर रोडला खाली बघतो तर काळं थारोळं. नळी धड होती, फक्त नटच्या काठाला केसाएवढी चीर. इंजिनच्या थरथरीनं तांबं कडक होत जातं आणि बरोबर तिथंच तडकतं. तेव्हापासून तांबं फक्त वॉशरपुरतं. तेही दरवेळी नवीन, नाहीतर जुनं लालभडक तापवून नरम केलेलं.

ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवताना लोक आधी प्रेशर विचारतात. अहो, गाडीचं ऑइल प्रेशर तीन ते पाच बार (बार हे दाबाचं माप), थंड इंजिनला थोडं जास्त. उसाच्या ट्रॉलीला लागणारा हायड्रॉलिक होज, म्हणजे जाड रबरी नळी, शंभराच्या वर बार सहज झेलतो. पण त्याच्या आतलं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंतचंच. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४३ असतं. हायवेला गाडी दामटली की ऑइल १२० ला टेकतं. मग रबर आतून कडक होऊन तडे जातात, वरून काही कळत नाही. म्हणून होजवर छापलेलं तापमान वाचा. छापच नसेल तर दुकानातच ठेवा.

रेडिएटरचा होज तर चुकूनही नको. तो ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो, पाण्याला उत्तम, ऑइलला वैरी. पटत नसेल तर बोटभर तुकडा बरणीत गरम ऑइलमध्ये चार दिवस ठेवा; फुगून मऊ पडतो, नखानं दाबला जातो. निळा सिलिकॉन होज दिसतो भारी, पण त्यातून ऑइल पाझरतं.

मी स्वतः असं करतो: चॅसीच्या कडेनं स्टीलचा पाईप, वीत-दीड वीतभर अंतरावर रबरी अस्तराच्या क्लिपा. इंजिन हलतं तिथं, दोन्ही टोकांना, स्टीलच्या जाळीचा टेफ्लॉन होज, क्रिम्प केलेला, म्हणजे टोकाची फिटिंग मशीननं दाबून बसवलेला. टेफ्लॉन २०० च्या वरही टिकतं. महाग आहे, मान्य. मात्र तो फार वाकवला की आत दुमडतो आणि उघडी जाळी शेजारची वायर करवतीसारखी कापते. जिथं घासेल तिथं जुन्या होजचा तुकडा चिरून वर चढवा.

टर्बोतून ऑइल इंजिनात परत आणणारी लाइन जाड आणि सरळ उताराची हवी, मध्ये झोळ नको. आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर काढणाऱ्या तापलेल्या भागाजवळून, कुठलीच लाइन नेऊ नका, थेंब पडला की भडका.

बसवल्यावर इंजिन गरम होईस्तोवर चालवा, खाली पुठ्ठा टाका. शंभर किलोमीटरनंतर नट परत बघा.