क्रीडा मानसशास्त्र शिकायचंय? आधी उलट्या ‘यू’चं समजून घ्या

सोलापुरात क्रीडा मानसशास्त्राकडे येणारी मुलं दोन वाटांनी येतात. एक वाट बी.ए.ची. मानसशास्त्र आवडतं, वाचन बरं असतं, पण पार्क स्टेडियमच्या आत शेवटचं कधी गेलो ते आठवत नाही. दुसरी वाट बी.पी.एड.ची. पहाटे साडेपाचला मैदान, घोट्याला क्रेप बँडेज, आणि ‘अभिसंधान (कंडिशनिंग) म्हणजे काय’ असा प्रश्न आला की पेन अडतं. मी दुसऱ्या वाटेने आले. खो-खो खेळत होते, गुडघा गेला, पण खेळाजवळच राहायचं होतं म्हणून हा विषय धरला. आता एम.ए.चं शेवटचं वर्ष आहे आणि सकाळी शाळेतल्या मुलींच्या संघासोबत असते. अभ्यास मला अजूनही जड जातो. म्हणूनच जिथे अडकायला होतं त्या जागा अजून ताज्या आहेत, त्या सांगते.

पहिलं तोंडावर सांगते. प्रास्ताविक मानसशास्त्र टाळून क्रीडा मानसशास्त्र येत नाही. ‘आम्हाला फक्त खेळाचं शिकायचंय’ म्हणणारी मुलं दुसऱ्या सत्रात गळतात. अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना आणि सांख्यिकी या पाच प्रकरणांवर पुढचं सगळं उभं आहे. व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण मोठं असतं आणि सगळ्यांना आवडतं, पण ‘विजेत्याचं व्यक्तिमत्त्व’ शोधायच्या नादात या शास्त्राची बरीच वर्षं गेली आणि हाती फार थोडं लागलं. तेव्हा ते परीक्षेपुरतं करा.

प्रात्यक्षिकांना मात्र जीव लावा. जर्नल पूर्ण करायचं म्हणून मित्राची आकडेवारी उतरवून काढणारे दरवर्षी असतात. असं करू नका. मिरर ड्रॉइंगचं साधं प्रात्यक्षिक घ्या. आरशात बघत तारा गिरवायचा असतो, आणि एका हाताने सराव झाला की दुसऱ्या हाताचा वेळही कमी होतो. उजवीकडून खांब वळायला शिकलेल्या मुलीला डावीकडून वळताना त्याचा किती फायदा होईल, हा आमच्या मैदानावरचा रोजचा प्रश्न आहे आणि त्याचं मूळ त्या ताऱ्यात आहे. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो म्हणून, स्वतः बसा. सूचना चुकीच्या स्वरात दिल्या तर निकाल कसा बदलतो, हे पुस्तकातून कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. यावर मी लांबण लावणार आहे, कारण माझं जवळजवळ एक वर्ष इथेच अडकलं होतं आणि माझ्या ओळखीतलं जवळपास प्रत्येक जण इथे अडकतं.

उलट्या ‘यू’चा आलेख. आडव्या अक्षावर उत्तेजनाची पातळी, म्हणजे शरीर-मन किती चेतलेलं आहे ते, उभ्या अक्षावर कामगिरी. उत्तेजन कमी तर कामगिरी कमी, मध्यम तर उत्तम, फार वाढलं की पुन्हा घसरण. हा आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, सापडलं! आमच्या एका विभागीय स्पर्धेआधी बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी आख्ख्या संघाला डोळे मिटून झोपवलं होतं, ‘शांत व्हा, मन रिकामं करा’ म्हणून. आम्ही उठलो त्या जड अंगाने, आणि पहिल्या तुकडीचे तिन्ही संरक्षक बघता बघता बाद. आलेख बघून मी मनाशी ठरवलं की आम्ही डाव्या टोकाला घसरलो होतो. झालं स्पष्टीकरण.

इथेच सापळा आहे. विचार करा, त्या दिवशी आम्ही थरथरत उतरलो असतो आणि हरलो असतो, तर मी म्हटलं असतं की उजव्या टोकाला गेलो होतो. जिंकलो असतो तर म्हटलं असतं, बरोब्बर मध्ये होतो. म्हणजे निकाल काहीही लागो, आलेख प्रत्येक वेळी खराच ठरतो. सामना झाल्यावर सगळं सांगणारा आणि सामन्याआधी काहीच न सांगणारा नियम मैदानावर काय कामाचा? तुमच्यासमोर उभ्या असलेल्या मुलीचा ‘मध्य’ कुठे आहे, हे त्या रेघेत कुठेच लिहिलेलं नसतं.

मग मी मुळाशी गेले. तुम्हीही जा. या आलेखाच्या मागे रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ सालचा प्रयोग सांगितला जातो. तो उंदरांवरचा होता. उंदराने दोन वाटांमधून उजळ वाट ओळखून तिकडे जायचं, चुकला तर विजेचा झटका. दोन वाटांमधला फरक ठळक असताना झटका जितका जोरात तितकं शिकणं लवकर झालं. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा मात्र मध्यम झटका सर्वांत चांगला ठरला. मोजलं काय होतं? झटक्याची ताकद आणि शिकण्याचा वेग. खेळाडू नाही, प्रेक्षक नाहीत, छातीतली धडधड नाही. काम सोपं असताना तर उलटा ‘यू’ आलाच नव्हता. पुढे कित्येक वर्षांत झटक्याच्या जागी हळूहळू ‘उत्तेजन’, ‘चिंता’, ‘ताण’ असे शब्द बसत गेले आणि आलेख खेळाच्या पुस्तकात पोहोचला.

आलेख टाकून द्या असं मी म्हणत नाही. परीक्षेत तो येणारच, स्वच्छ काढा, अक्षांना नावं द्या, गुण घ्या. पण उत्तराच्या शेवटी दोन ओळी मर्यादेच्या लिहा. आणि मैदानावर जाताना वेगळी शिदोरी घ्या. रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत स्पर्धेआधीची अवस्था तीन भागांत मोजली आहे: डोक्यातली काळजी, शरीरातली धडधड आणि आत्मविश्वास. हे वेगळं करणं फार उपयोगी पडतं. हात थंड पडलेत पण डोकं स्वच्छ आहे अशी मुलगी वेगळी, आणि शरीर निवांत पण ‘हरले तर बाबा काय म्हणतील’ हे डोक्यात फिरतंय अशी मुलगी वेगळी. दोघींना एकच दीर्घश्वसन देऊन कसं चालेल? युरी हानिन यांनी त्याहून पुढचं सांगितलं. चांगल्या कामगिरीचा पट्टा प्रत्येक खेळाडूचा आपापला असतो. कुणाचा वरच्या पातळीला, कुणाचा अगदी खालच्या. तो शोधायचा तर त्याच खेळाडूच्या अनेक सामन्यांच्या नोंदी लागतात.

आमच्या संघातली एक मुलगी सामन्याआधी सतत बडबडते, उड्या मारते, कुणाचं ऐकत नाही. तिला गप्प बसवावं असं कुणालाही वाटेल. मी तिला विचारलं तर म्हणाली, “ताई, गप बसले की पाय जड होतात माझे.” तिच्या वहीतल्या नोंदीही तेच सांगतात. दर सामन्याआधी काळजी किती, धडधड किती, विश्वास किती, एवढे तीन आकडे आणि सामना झाल्यावर ‘कशी खेळले’ याची एक ओळ. साध्या दोनशे पानी वहीत हे होतं, ॲप लागत नाही. फक्त आधीचे आकडे आधीच लिहून घ्या. निकाल कळल्यावर लिहिलेला आकडा निकालाच्या बाजूनेच झुकतो.

हीच नजर नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या प्रयोगाकडे वळवा. १८९८ चा हा अभ्यास खेळाच्या मानसशास्त्रातला पहिला प्रयोग म्हणून सगळ्या पुस्तकांत असतो. सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांबरोबर जास्त वेगाने जातात हे नोंदींतून दिसलं, मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला लावली. गाईडमध्ये एक वाक्य असतं: ‘सोबतीने कामगिरी सुधारते.’ पण ट्रिप्लेट यांच्या ४० मुलांपैकी २० जणांचा वेग वाढला, १० जणांचा उलट बिघडला आणि १० जणांवर खास परिणामच झाला नाही. गाईडने निम्मी मुलं गाळून टाकली! म्हणून मी गाईडच्या विरोधात आहे. आदल्या रात्री उजळणीला ठीक, पण त्यावर पाया घालू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा केगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून इंग्रजी पुस्तकातलं एकच प्रकरण डिक्शनरी घेऊन वाचा. पहिलं प्रकरण आठवडा खाईल. दुसरं तेवढा वेळ घेणार नाही, हे मी मनापासून सांगते. मराठी माध्यमातून आलो म्हणून हा विषय आपला नाही, असं एक क्षणही वाटू देऊ नका.

माणसांविषयीही माझी ठाम मतं आहेत. शनिवार-रविवारच्या कोर्सनंतर ‘माइंड कोच’ म्हणून पाटी देणाऱ्यांपासून लांब राहा. व्यासपीठावरून टाळ्या घेणाऱ्या वक्त्यांना विचारा, पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही या संघाला किती वेळा भेटणार? उत्तर आलं नाही तर वेळ वाचला. मला सर्वांत जास्त शिकवलं ते मैदानावरच्या एका जुन्या सरांनी. त्यांना मानसशास्त्रज्ञ बांडुरा हे नाव माहीत नाही. पण नव्या मुलीला ते आधी सोप्या संघासमोर उतरवतात, मग तिच्याच उंचीच्या, तिच्याच वस्तीतल्या मोठ्या मुलीचा खेळ बघायला बसवतात, आणि ‘तुला जमेल’ हे सगळ्यात शेवटी म्हणतात. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-कार्यक्षमतेचे, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे, चार स्रोत मांडले: स्वतःचं यश, आपल्यासारख्याचं यश पाहणं, दुसऱ्याचे शब्द, आणि शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ. त्यांतलं स्वतःचं यश सर्वांत भारी. सरांचा क्रम बघा आणि हा क्रम बघा. संक्रांतीच्या आधी आपल्याकडे सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो, तोही जाऊन याच नजरेने पाहा. नव्याला जबाबदारी टप्प्याटप्प्याने कशी येते ते कळेल.

उदाहरणांबद्दल एक इशारा. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघाबरोबर मानसिक प्रशिक्षक पॅडी अप्टन होते, २०२४ मध्ये गुकेश बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला तेव्हा त्याच्यासोबतही तेच होते. खरी गोष्ट आहे आणि अभिमानाची आहे. पण ‘म्हणून मानसिक प्रशिक्षणाने विजय मिळतो’ असं उत्तरात लिहू नका. मानसिक प्रशिक्षक असूनही हरलेल्यांची यादी कुणी वाचून दाखवत नाही. इथे सांख्यिकी लागते. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात) हातात बसेपर्यंत रोज एक गणित करा. रडू येतं, मलाही आलं, पण बसतं ते हातात.

प्रेरणेचं प्रकरण आपल्या इथल्या गोष्टीवर घासून बघा. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवायला पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे कमी वळले. आता दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आठवा. ते चूक आहेत असं मी म्हणणार नाही, गरीब घरातल्या मुलीला खेळायला पाठवायचं तर आईला तेवढं कारण लागतं. पण बारावीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलींशी बोलताना हा प्रयोग डोक्यात असू द्या. आणि डेसी-रायन यांच्या सिद्धांतातल्या तीन गरजा, स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा, यांतली कोणती तुटली ते विचारा.

व्यायामाच्या मानसशास्त्राला पुस्तकात शेवटची पानं मिळतात आणि मुलं ती सोडतात. माझ्या मते सोलापुरात काम तिथेच जास्त आहे. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, डॉक्टरही सांगतात. तरी माणूस चार दिवस तलावाकाठी फिरतो आणि सोडतो. का? प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाचे टप्पे मांडले, तेच टप्पे इथे वापरतात. पहिल्या टप्प्यावरच्या, म्हणजे विचारच न केलेल्या माणसाला वेळापत्रक देऊन उपयोग नसतो. आणि सगळं मनावर ढकलू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला संध्याकाळी चालायला उजेडाचा रस्ता नसतो. तिला ‘प्रेरणेचा अभाव’ असं लेबल लावणं अन्याय आहे.

नोकरीचं थोडक्यात. फक्त क्रीडा मानसशास्त्रावर सोलापुरात घर चालवणं आज कठीण आहे. शिकवायचं असेल तर नेट-सेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून धरा. शाळा, अकादमी, समुपदेशन असं मिळून काम उभं राहतं, वेळ लागतो. घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे मधल्या वर्षांत तुमच्यावर दडपण कमी येईल.

शेवटी मर्यादेचं. एम.ए. झालं म्हणजे उपचार करता येतात असं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्याचं शिक्षण वेगळं आहे. एखादी मुलगी आठवडे झोपत नाही, जेवण सोडते, जगण्याबद्दल निराश बोलते, तिथे श्वसनाचे व्यायाम आणि ध्येयनिश्चिती बाजूला ठेवा. तिला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासातल्या माणसाला सांगा, सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन जा. रात्र असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आणि चोवीस तास चालतो. तो तुमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आजच लिहा.