ईसीजी पॅच छातीवर नीट बसवायचा तर

ईसीजी पॅच म्हणजे छातीवर चिकटवायची, हृदयाच्या ठोक्यांचा विद्युत आलेख नोंदवत राहणारी पट्टी. हृदयाचा विद्युत संकेत त्वचेपर्यंत येतो तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट उरलेला असतो. तिथे त्याला आडवा येतो मृत पेशींचा सर्वांत वरचा थर. जाडी अवघी 10 ते 20 मायक्रोमीटर, पण कोरडा, त्यामुळे वीज सहज जाऊ देत नाही. पॅच कितीही भारी असला तरी या थराची तयारी केली नाही तर नोंद खराबच येणार.

बहुतेक पॅच छातीच्या डाव्या वरच्या भागात बसतात. नेमकी जागा आणि दिशा सोबतच्या माहितीपत्रकात बघा; उलटा लावला तर आलेखातल्या लाटाही उलट्या दिसू शकतात. केस असतील तर ट्रिमरने काढा. रेझरने बारीक चिरा पडतात आणि पुढे त्यावर गोंद झोंबतो. मग साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. पावडर, तेल, लोशन काही नको. पाकिटात खरखरीत पॅड असेल तर तो हलक्या हाताने फिरवा आणि त्वचा किंचित गुलाबी झाली की थांबा. स्पिरिटचा बोळा दिला असेल तर पुसल्यावर निदान एक मिनिट वाळू द्या. ओलसर त्वचा गोंद धरत नाही.

पाकीट शेवटच्या क्षणी फोडा, कारण उघडं राहिलं की इलेक्ट्रोडवरची, म्हणजे संकेत टिपणाऱ्या भागावरची, जेल सुकते. सरळ बसा, खांदे सैल सोडा आणि पॅच अजिबात न ताणता टेकवा. ताणून लावलेला पॅच आक्रसताना त्वचेला ओढत राहतो, आणि कडेला फोड येतात ते बऱ्याचदा यामुळेच. जेलवर अंगठा दाबू नका. ती गोंदाखाली पसरते आणि पकड जाते. दाबायचं ते कडांवर, एक-दोन मिनिटं. हा गोंद दाबानेच धरतो आणि पुढचे काही तास त्याची पकड वाढत जाते, म्हणून पहिले 24 तास घाम गाळणारा व्यायाम नको.

आलेख दिसत असेल तर लगेच तपासा. रेषा श्वासाबरोबर हळू वरखाली होत असेल तर कडा सैल आहे का बघा. रेषा जाड, दाट कंपनांची दिसली तर जेल सुकलेली असू शकते किंवा जवळच्या वायरचा 50 किंवा 60 हर्ट्झचा गोंगाट शिरलेला असतो. गवतासारखी अनियमित टोकं दिसली तर ती स्नायूंच्या हालचालीची. सपाट रेषा म्हणजे बहुधा संपर्क तुटला.

दात घासताना हात हलतो तो तर फार फसवा: आलेखात ती हालचाल हुबेहूब वेगवान, धोकादायक ठोक्यांसारखी दिसू शकते. म्हणून धडधड झाली, चक्कर आली तर पॅचचं नोंदीचं बटण दाबाच, पण वेळ आणि त्या क्षणी काय करत होता हेही लिहा. डॉक्टरांना त्या एका ओळीचा फार उपयोग होतो. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर मात्र नोंदीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

एमआरआयआधी पॅच काढावा लागतो. काढताना वर उपटू नका. एक कडा सोडवून पॅच त्वचेला समांतर मागे दुमडत न्या, दुसऱ्या हाताने त्वचा धरून ठेवा. फारच चिकटला असेल तर कडेला थोडं तेल लावून दोन मिनिटं थांबा. पॅचच्या आकाराची लाली साधारण दोन दिवसांत जाते. खाज वाढली, पाणी भरलेले फोड आले तर त्याच जागी दुसरा पॅच लावू नका, डॉक्टरांना दाखवा.