शेवटच्या गाण्याआधी क्यूआर कोड

शो संपला की लोक पार्किंगकडे पळतात, मग बँडचं नाव कोण लक्षात ठेवतंय! म्हणून क्यूआर कोड शेवटच्या गाण्याआधीच दाखवा. ए३ कागदावर छापून कीबोर्डच्या स्टँडला लावा (बेस ड्रमवर नको, प्रत्येक ठोक्याला फडफडतो) आणि गायकाने सरळ म्हणावं, "मोबाइल काढा, स्कॅन करा." गिटार ट्यून होईपर्यंत काम होतं. कोड इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सॲप कम्युनिटीला जोडा. तिथे पुढच्या शोची तारीख थेट पोचते, शिवाय तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना अनोळखी लोकांचे नंबर दिसत नाहीत. नवं गाणं येणार असेल तर स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवर (कलाकारांसाठीचं स्पॉटिफायचं ॲप) ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच करा, म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवा. मग फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची दर आठवड्याची प्लेलिस्ट) तेच गाणं जातं. आदल्या रात्री धावपळ केलीत तर ही संधी हुकली.