रिपोर्ताज ड्रॉइंग शिकायचंय? आधी हात बघा

अप्लाइड आर्ट करून मी मास्टर्सला शिकागोत आले तेव्हा रिपोर्ताज ड्रॉइंग हा विषय सोप्पा वाटला म्हणून घेतला, म्हणजे जागेवर बसून काढायचं ना, ते तर आपण कॉलेजात मंडईत जाऊन रोज करायचो. पहिल्याच क्रिटला, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर काम तपासतात तेव्हा, धुतलं मला. मॅडम एवढंच म्हणाल्या, फोटोवरून केलंय ना हे? केलं होतं 😅

मग त्यांनी फ्रँकलिन मॅकमॅहनची चित्रं बघायला लावली. हा शिकागोचाच, 1955 च्या सप्टेंबरात लाइफ मासिकासाठी मिसिसिपीतल्या समनरला गेलेला, एमेट टिलच्या खुनाच्या खटल्याला. एमेट 14 वर्षांचा, कृष्णवर्णीय, शिकागोतून नातेवाइकांकडे सुट्टीला आलेला पोरगा. साक्ष चालू असताना फोटो काढायला बंदी, म्हणून पेन्सिल. एमेटच्या आईच्या मावशीचे यजमान, मोझ राइट, तेही कृष्णवर्णीय, 64 वर्षांचे, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे, ते भर कोर्टात उभे राहिले आणि गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवलं. त्या काळी तिथे हे म्हणजे जिवाशी खेळ. ज्युरीतल्या 12 गोऱ्या पुरुषांनी 67 मिनिटांत आरोपींना सोडलं ते वेगळंच.

मॅकमॅहनच्या चित्रात तो लांब केलेला हातच सगळं सांगतो. मी ते चित्र आठदहा वेळा कॉपी केलं आणि दर वेळी फसलं, कारण सुरुवात चेहऱ्यापासून करत होते. शेवटी खांद्यापासून बोटापर्यंत आधी एकच रेघ मारली, मग माणूस त्या हाताला जोडला, तेव्हा कुठे तो उभा राहिला.

दुसरे बघायचे ते हार्वे डिनरस्टीन आणि बर्टन सिल्व्हरमन. न्यूयॉर्कचे दोघे मित्र, विशीतले, 1956 मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीला गेले, तिथे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बस बहिष्कार चालू असताना. तो बहिष्कार 381 दिवस चालला, लोक कामाला पायी जायचे. चालणारा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही, हे मला ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर काढायला लागल्यावर कळलं, पाच सेकंदात गेलाच!

तर नवीन असाल तर खोडरबर घरी ठेवा, वही छोटी घ्या, मोठी काढली की लोक पोज द्यायला लागतात. कडेला वेळ, जागा आणि कानावर पडलेलं एखादं वाक्य लिहून ठेवा, रात्री तेच कामाला येतं. माझ्या पहिल्या वहीत नुसते पायच आहेत, त्यातले निम्मे अर्धवट.