बडोद्याच्या घरी सुरमई आणि केरळी प्रधमन
बडोदे किनाऱ्यावर नसल्याने येथे समुद्रातली मासळी बर्फातूनच येते. म्हणून सुरमईचे कल्ले लाल व डोळे फुगीर आहेत ना, हे पाहूनच तुकड्या करवून घ्याव्यात आणि मीठ, हळद, तिखट व कोकमाचे आगळ लावून अर्धा तास मुरवाव्यात.

गोडासाठी केरळचे परिप्पु प्रधमन, म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ-गुळाची खीर, करावे. मूगडाळ खमंग भाजून अगदी मऊ शिजल्यावरच गूळ घालावा, कारण गुळात डाळ पुढे शिजत नाही. मग नारळाचे पातळ दूध घालून आटवावे, आणि पहिले, दाट दूध गॅस बंद करूनच ओतावे, नाहीतर ते फुटते. (आमचे एकदा फुटले, पाहुण्यांनी तरी वाटी निपटली.) वर तुपात तळलेले खोबऱ्याचे काप घालावेत.

तुकड्या मात्र मंडळी पानावर बसल्यावरच रव्यात घोळवून तव्यावर टाकाव्यात.