भांगेचे पान पुढे, बारीक अक्षरे मागे : हेंप व सीबीडीची त्वचाप्रसाधने घेताना या चुका टाळा

माझ्या टेबलावर ५० मिलिलिटरची एक बाटली आहे. पुढच्या बाजूस सात टोकांचे हिरवे पान आहे, त्याखाली ठळक अक्षरांत ‘हेंप’ (भांगेच्याच झाडाचा, नशेचे द्रव्य नगण्य असलेला वाण) लिहिले आहे आणि किंमत साध्या मॉइश्चरायझरच्या तिप्पट आहे. घटकांची यादी मागच्या बाजूस असून ती इतकी बारीक छापली आहे की, मोबाइलवर फोटो काढून तो मोठा केल्यावरच मला ती वाचता आली. पाणी, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, सीटिल अल्कोहोल, फेनॉक्सिएथॅनॉल, सुगंधी द्रव्य आणि सर्वांत शेवटी कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल, असा त्या यादीचा क्रम आहे. सौंदर्यप्रसाधनांविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने छापता येतात. फेनॉक्सिएथॅनॉल हे परिरक्षक सामान्यतः १ टक्क्याच्या मर्यादेतच वापरले जाते, त्यामुळे यादीत त्याच्यामागे उभे असलेले तेल १ टक्क्याहून अधिक असण्याची शक्यता उरत नाही. अर्ध्या मिलिलिटरएवढ्या, कदाचित त्याहूनही कमी तेलासाठी मी तिप्पट पैसे मोजले होते. पुढच्या बाजूवर खोटे काहीच नव्हते, कारण तेल त्यात होतेच. बाटली उलटी करून पाहण्याचे कष्ट मात्र मी घेतले नव्हते.

पान एक, वस्तू दोन

बहुतेक चुकांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. भांगेच्या एकाच झाडापासून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि दोहोंच्या वेष्टनावर चित्र तेच असते. पहिली वस्तू म्हणजे बियांचे तेल. ते जवसाच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलासारखेच घाण्यातून काढलेले तेल असून त्यात निम्म्याहून अधिक लिनोलेइक आम्ल आणि साधारण पंचमांश अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. कोरड्या त्वचेवरील ओलावा टिकवण्यासाठी ते चांगले आहे. मात्र त्यात सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल हे भांगेतील नशा न आणणारे द्रव्य, नसल्यात जमा असते, कारण बी स्वतः ते द्रव्य तयार करत नाही. दुसरी वस्तू म्हणजे अर्क. सीबीडी आणि नशा आणणारे टीएचसी ही दोन्ही द्रव्ये फुलोऱ्यावरील व पानांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतात आणि तेथूनच ती काढली जातात.

‘हेंप ऑइल १००० मिलिग्रॅम’ असे लिहिलेली बाटली सीबीडीची समजून घेणे ही म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो आकडा पुष्कळदा केवळ बियांच्या तेलाचे वजन असतो आणि १००० मिलिग्रॅम तेल म्हणजे फार तर एक छोटा चमचाभर. घटकसूचीत ‘सीड ऑइल’ असेल तर ते बियांचे तेल समजावे. ‘कॅनाबिडिऑल’, ‘लीफ एक्स्ट्रॅक्ट’ (पानांचा अर्क) किंवा ‘विजया’ (भांगेचे आयुर्वेदातील नाव) असे शब्द असतील तरच अर्काची गोष्ट सुरू होते.

मराठी वाचकासाठी आणखी एक गोंधळ ठेवलेलाच आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशात हेंप शोधले की अंबाडी किंवा ताग असे उत्तर मिळते. अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेंप आणि तागाला सन हेंप म्हणतात खरे, पण अंबाडी जास्वंदीच्या कुळातली आहे, ताग शेंगावर्गीय आहे आणि भांगेशी दोघांचेही नाते नाही. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, असा शब्द आहे, तो केवळ पानांच्या आकारामुळे. ‘आपण भाजी करून खातो तीच अंबाडी यात आहे’ असे काउंटरवर कोणी आत्मविश्वासाने सांगितले, तर पुढची माहिती त्या व्यक्तीला न विचारलेली बरी.

कायदा फुलोऱ्याकडे पाहतो

‘हे विकतात म्हणजे कायदेशीरच असणार’ आणि ‘भांग म्हणजे बेकायदाच’, ही दोन्ही विधाने सारखीच चुकीची आहेत. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावर, म्हणजे फुले-फळे धरलेल्या शेंड्यांवर बेतलेली आहे. शेंड्यांविना असलेल्या बिया आणि पाने त्या व्याख्येतून वगळली आहेत. राळ मात्र चरस म्हणून थेट कायद्याच्या कक्षेत येते. पानांबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील ई-१ अनुसूचीत, म्हणजे ज्या विषद्रव्यांच्या आयुर्वेदिक औषधांना वैद्यकीय देखरेख लागते त्या द्रव्यांच्या यादीत, भांग आहे आणि तेथेही बिया वगळलेल्या आहेत.

खरेदीच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये, साबणात किंवा लिप बाममध्ये बियांचेच तेल अपेक्षित आहे. पानांच्या अर्काचे तेल किंवा मलम आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली बनते आणि ते वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. म्हणून वेष्टनावर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत या चारही गोष्टी शोधाव्यात. वस्तू आयात केलेली असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक हेही हवेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेंपच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, तिचा दाखला काही विक्रेते क्रीमसाठीही देतात. ती मान्यता खाण्याच्या वस्तूंची आहे. तिचा त्वचेवरील गुणाशी काही संबंध नाही.

मिलिग्रॅम, टक्के आणि न मागितलेला अहवाल

अर्कयुक्त वस्तू घ्यायचीच असेल तर निदान गणित करून घ्यावी. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ३०० मिलिग्रॅम सीबीडी लिहिलेले असेल, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्का सीबीडी असते. तेच ३०० मिलिग्रॅम १०० मिलिलिटरच्या लोशनमध्ये असतील तर प्रमाण ०.३ टक्क्यावर येते. मोठी बाटली आणि मोठा आकडा पाहून स्वस्त वाटलेले लोशन प्रत्यक्षात तिपटीहून अधिक पातळ निघते.

हा आकडा खरा कशावरून? २०२२ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी बाजारातील, त्वचेवर लावण्याच्या १०५ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८९ उत्पादनांवर सीबीडीचे एकूण प्रमाण छापलेले होते. ते केवळ २४ टक्के उत्पादनांत बरोबर निघाले. ५८ टक्के उत्पादनांत छापल्यापेक्षा जास्त आणि १८ टक्के उत्पादनांत कमी सीबीडी सापडले. तपासलेल्या १०५ पैकी ३५ टक्के उत्पादनांत टीएचसीचाही अंश होता. म्हणून विक्रेत्याकडे प्रयोगशाळेचा विश्लेषण अहवाल मागावा आणि त्यावरील बॅच क्रमांक हातातल्या बाटलीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. दोन वर्षांपूर्वीच्या भलत्याच बॅचचा अहवाल संकेतस्थळावर टांगून ठेवण्याची पद्धत फार आहे. अहवालात केवळ सीबीडीचे प्रमाण नको, तर जड धातू, कीटकनाशके आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचे अवशेष यांचीही तपासणी हवी, कारण हे झाड जमिनीतील जड धातू शोषून घेणारे म्हणून ओळखले जाते.

क्रीमकडून औषधाची अपेक्षा

मुरुमांसाठी सीबीडी घेणारे बहुधा २०१४ च्या एका अभ्यासाचा आधार ऐकून आलेले असतात. त्या अभ्यासात माणसाच्या तैलग्रंथींच्या पेशींवर सीबीडी वापरल्यावर तेलाची अतिरिक्त निर्मिती कमी झाल्याचे दिसले. तो अभ्यास महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण पेशी प्रयोगशाळेतल्या होत्या आणि चेहरा धुळीत, घामात व हेल्मेटखाली असतो. सीबीडीचा रेणू तेलप्रिय असल्यामुळे तो त्वचेच्या वरच्या थरातच मोठ्या प्रमाणात साठून राहतो. आतवर किती पोहोचेल, हे क्रीमचा पाया कसा बनवला आहे त्यावर ठरते. याच कारणाने साध्या क्रीमने नशा येईल ही भीतीही अनाठायी आहे. सीबीडी मुळात नशा आणत नाही आणि त्वचेवरून रक्तात पोहोचणारी मात्रा नगण्य असते. रक्तात औषध सोडण्यासाठीच बनवलेल्या चिकटपट्ट्यांची गोष्ट मात्र निराळी आहे.

याहून गंभीर चूक म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांनी इसब किंवा सोरायसिससाठी दिलेले मलम एका रात्रीत बंद करून ‘नैसर्गिक’ म्हणून हेंपची क्रीम सुरू करणे. दीर्घकाळ वापरलेले स्टेरॉइडयुक्त मलम अचानक थांबवले की लाली, खाज आणि पुरळ दुप्पट जोराने परत येऊ शकते आणि दोष नव्या क्रीमवर जातो. अशा मलमाची मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच उतरवावी. बियांच्या तेलाचे मॉइश्चरायझर त्याच्या जोडीला लावायला हरकत आहे का, एवढे त्यांना विचारून घ्यावे. गरोदर आणि स्तन्यदा स्त्रियांनी सीबीडीपासून दूर राहावे.

सांधेदुखीच्या बाममध्ये पान पाहून खूश होणाऱ्यांनी यादीत मेन्थॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट ही नावे शोधावीत. लावताक्षणी जो थंडावा आणि जी ऊब जाणवते, ती या जुन्या मंडळींची असते.

वापरायला सुरुवात केल्यावर

बाटली उघडल्यावर महिन्या-दीड महिन्यात वास बदलला, तर अर्थ स्पष्ट आहे: तेल खवट झाले. बियांच्या तेलातील जी आम्ले गुणकारी आहेत, तीच हवा, उजेड आणि उष्णता यांनी भराभर बिघडतात. ताज्या, न गाळलेल्या तेलाचा रंग हिरवट आणि वास गवत व सुकामेवा यांच्या मिश्रणासारखा असतो. बिघडलेल्या तेलाला जुन्या जवसाच्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्याचा वास येतो. असे तेल वाया जाऊ नये म्हणून हातापायांना चोळून संपवण्याची आपली काटकसर येथे नडते, कारण बिघडलेली तेले त्वचेला चुरचुरवतात. गडद रंगाची, लहान बाटली घ्यावी आणि ती न्हाणीघरातील गिझरजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या मोटारीत न ठेवता फ्रिजच्या दारात ठेवावी. विदर्भातल्या मे महिन्यात तर याला पर्यायच नाही.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दुसरी तक्रार ऐकू येते : तेल लावल्यावर आठवड्याभरात कपाळावर आणि पाठीवर एकसारखे, खाजरे, बारीक फोड. हे मुरुम नसून मॅलेसेझिया या बुरशीमुळे आलेले फोड असू शकतात. ही बुरशी तेलांतील मेदाम्लांवर जगते, म्हणून तेल वाढवले की फोडही वाढतात. ‘हे तेल रोमरंध्रे मुळीच बंद करत नाही’ या छापील आश्वासनावर अशा वेळी विसंबू नये. तेल थांबवावे आणि आठवड्याभरात फरक पडला नाही तर तज्ज्ञांना दाखवावे. कोंडा असलेल्या टाळूवर हेंपचे केशतेल रात्रभर चोपडणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पुरळ उठण्याचे कारण भांगच असेल असेही नाही. सुगंधी द्रव्ये, चहाच्या झाडाचे तेल, शिळे झालेले लिमोनिन व लिनालूल हे संपर्कजन्य ॲलर्जीचे ओळखीचे कारक आहेत आणि ‘हर्बल’ बाटल्यांत ते सढळ हाताने घातलेले असतात. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावी. एका रात्रीची चाचणी पुरेशी नसते, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटायला दोन-तीन दिवस किंवा अधिक वेळ लागतो. त्याच आठवड्यात नवा फेसवॉश किंवा रेटिनॉल सुरू करू नये, नाहीतर दोष कोणाचा हे कळणार नाही. सकाळी तेल लावून लगेच त्यावर सनस्क्रीन थापली तर ती गोळे होऊन सुटते, म्हणून तेल रात्रीसाठी ठेवावे. बियांचे तेल उन्हापासून संरक्षण देते, ही समजूत तर पूर्ण सोडून द्यावी.

परदेशातून आलेली भेट

अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेले हेंप केंद्रीय स्तरावर खुले केले, त्यामुळे तेथे सीबीडीचे रोल-ऑन औषधांच्या दुकानांत सहज मिळतात. ती ०.३ टक्क्यांची सूट आपल्या एनडीपीएस कायद्यात नाही. उत्तराखंडने २०१८ पासून परवान्याखाली हेंपच्या लागवडीला जी वाट करून दिली, तीत ०.३ ची मर्यादा आहे. पण ती शेतातल्या पिकासाठी आहे, प्रवाशाच्या बॅगेतल्या बाटलीसाठी नाही. सिंगापूरमध्ये तर सीबीडीही नियंत्रित अमली द्रव्यांत मोडते, म्हणून तेथून विमान बदलून येणाऱ्यांनी अधिक सावध असावे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने दिवाळीला येताना आत्याच्या गुडघ्यांसाठी असाच एक रोल-ऑन आणू का, असे विचारले होते. मी त्याला बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला. यादीत ४ टक्के मेन्थॉल पहिल्याच ओळीत होते. ‘तोच, पण पानाशिवायचा आण,’ असे मी कळवले. तो किमतीने निम्मा निघाला आणि आत्या तो अजून वापरते आहे.