गोळी हातात घेण्याआधी

मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू वापरले की लवकर थकून दुबळे पडतात तो आजार) असो, पक्षाघात असो की पार्किन्सन, घशाचे स्नायू दुबळे झाले की गोळी घेणं अवघड होतं. घास चावून मऊ करता येतो, गोळी मात्र अख्खी खाली उतरवावी लागते. आपल्याकडं अशा वेळी घरचे लोक ती दोन चमच्यांत दाबून तिचा चुरा करतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, विचारल्याशिवाय हे करू नका.

म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्या गोळ्या त्यांच्या स्ट्रिपसकट पिशवीत भरून डॉक्टरकडं किंवा मेडिकलवर नेणं. एकेक गोळी दाखवून विचारायचं: हिचं सिरप मिळतं का? पाण्यात विरघळणारी आहे का? फोडली तर चालेल का? नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर असेल तर ती फोडायची नाही. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध त्यामुळं एकदम अंगात जातं. पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून वेष्टण दिलेल्या गोळ्यांचंही तसंच. हाडांसाठी आठवड्यातून एकदा दिली जाणारी अलेंड्रोनेट आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधं अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते. ती चिठ्ठीत असतील तर गिळण्याचा त्रास स्पष्ट सांगून दुसरा पर्याय मागा.

मायस्थेनिया असेल तर तसं फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या अँटिबायोटिक्सनी स्नायूंची कमजोरी वाढू शकते आणि साध्या तापाला गावातल्या दवाखान्यात नेमकी हीच औषधं मिळण्याची शक्यता असते.

मग वेळ ठरवायची. मायस्थेनियात स्नायू वापरून थकतात, म्हणून सकाळी बरं वाटतं आणि संध्याकाळी घास फिरतो. मायस्थेनियावरच्या पायरिडोस्टिग्मिन या गोळीचा गुण साधारण अर्ध्या ते पाऊण तासात दिसू लागतो आणि तीन-चार तास टिकतो. डॉक्टरांच्या संमतीनं बाकीच्या गोळ्या आणि जेवण त्या वेळात बसवा. ज्वारीची भाकरी चावून जबडा दमल्यावर गोळी देण्यात अर्थ नाही. जेवणानंतरचीच गोळी असेल तर त्या वेळी मऊ भात-वरण बरं. एप्रिल-मेच्या उन्हात ही कमजोरी आणखी वाढते, तेव्हा दुपारचा डोस सावलीत, गार खोलीत द्या.

बाजेवर रेलून गोळी घेऊ नये. पाठ टेकवता येईल अशी खुर्ची हवी आणि पाय जमिनीला टेकलेले हवेत. मान मागं टाकून गोळी ‘ढकलायची’ सवय सगळ्यांना असते, पण त्यानं श्वासनलिका उघडी पडते. हनुवटी किंचित खाली घेतल्यानं अनेकांना फायदा होतो. पण प्रत्येकाची कमजोरी वेगळी असते, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टबद्दल विचारा आणि आपल्या माणसाला काय जमतं ते तपासून घ्या. टीव्ही बंद असावा. घास तोंडात असताना कुणी काही विचारू नये.

आधी एक घोट घेऊन तोंड ओलं करा. पातळ पाणी घशातून भरकन उतरतं आणि ठसका लागतो, म्हणून कित्येकांना गोळी कुस्करलेल्या केळ्यातून किंवा दाट लापशीतून सोपी जाते. दही-दूध हाताशी असतं, पण सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, लोह आणि थायरॉईडच्या गोळ्यांबरोबर ते नको. त्यातलं कॅल्शियम औषध शोषू देत नाही. एका वेळी एकच गोळी. गिळून झाल्यावर गालात काही राहिलं का बघा आणि ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, घोगरा आला तर पुढची गोळी थांबवा. नंतर किमान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं नीट गेलं असं नसतं. वारंवार ताप येणं, छातीत घरघर, वजन उतरणं दिसलं तर लगेच दाखवा. लाळही गिळवेना, मान सावरेना, बोलताना दम लागायला लागला, तर 108 ला फोन करा. तेव्हा पुढच्या डोसची वाट बघायची नाही.

तपासणीसाठी एसटीनं संभाजीनगर किंवा लातूर गाठायचं असेल, तर गाडीला उशीर होणार हे धरूनच निघा. पुढचे दोन डोस, कुस्करायला केळं, चमचा आणि औषधांची यादी मांडीवरच्या पिशवीत असू द्या, डिकीतल्या बॅगेत नको.